पळायला जाऊ कुठल्या रस्त्यानं?

मैत्रिणींनो, आमच्या घरातल्या दोन मुली पळतात. एक माझी भाची, बहिणीची मुलगी. लग्न होऊन आयर्लंडला गेली, डब्लिनला असते. दुसरी माझी पुतणी, थोरल्या जाऊबाईंची मुलगी. ती राहते वडगाव रासाईला, म्हणजे माझ्या सासरी, शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी. एकीला पळायची हौस आहे. दुसरीला पोलीस व्हायचंय.

२०२५ च्या दिवाळीनंतर मी पंधरा दिवस सासरी राहायला गेले होते. एके सकाळी चुलीपाशी बसले असताना भाचीनं फोनवर फोटो पाठवले. खाली निळाकाळा समुद्र, वर हिरवा कडा, त्याच्या कडेकडेनं गेलेली एक पायवाट आणि त्या वाटेवर लाल टोपी घातलेली आमची भाची! डब्लिनच्या टोकाला हाऊथ म्हणून जागा आहे. शहरातून लोकल गाडीनं तिथं उतरायचं आणि कड्यावरून सहाएक किलोमीटरचा फेरा मारून परत स्टेशनावर यायचं. वाटेच्या दोन्ही अंगांना पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. मी तो फोटो कौतुकानं पुतणीला दाखवला. तिनं पाहिला, "छान आहे," म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. मग हळूच म्हणाली, "काकू, मला असला नको. मला आठशे मीटर सरळ रस्ता मिळाला तरी पुरे."

माझ्या तेव्हा लक्षात आलं, की मी आल्यापासून ही पोरगी एकदाही पळायला गेलेली नाही.

कारण तुम्ही ओळखलंच असेल. बिबट्या!

शिरूर तालुक्याबाहेरच्या भगिनींसाठी थोडं सांगायला हवं. आमचं गाव नदीकाठचं, काळ्या जमिनीचं. नदीच्या पलीकडे दौंड तालुका. अलीकडे-पलीकडे सगळीकडे ऊस. बिबट्याचं मूळ घर डोंगरातलं जंगल हे खरं, पण गेल्या कित्येक पिढ्या तो उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. त्याला दाट आडोसा मिळतो, पाणी मिळतं, आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरं आयती मिळतात. जुन्नर-आंबेगावकडून हे लोण आमच्याकडे कधीच आलंय. आमच्या शेजारच्या मांडवगण फराट्याच्या शिवारात २०२४ साली एक चिमुरडं पोर गेलं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पिंपरखेडच्या बाजूला, तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यातली दोन लेकरं होती. त्या गावातल्या बाया शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून जात होत्या. कुत्र्याच्या गळ्यात धनगर घालतात तसे! वर्तमानपत्रातले ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. मी तर तो अंक घडी करून बाजूला ठेवला. पुन्हा उघडला नाही.

तेव्हा दादांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, पोरीला पहाटेचं पळणं बंद करायला सांगितलं, ते काही उगीच नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.

पण पोरीनं भरतीचा अर्ज भरलेला. मैदानी चाचणीची तारीख कधीही लागेल अशी परिस्थिती. महाराष्ट्र पोलिसांच्या शिपाई भरतीत मैदानाला ५० गुण असतात. मुलींना ८०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर १५ गुणांचं आणि गोळाफेक १५ गुणांची. मैदानात पुढं गेलं तर लेखी परीक्षा. आठशे मीटरला घड्याळाच्या चारदोन काट्यांचा फरक पडला तरी गुण उतरतात. महिनाभर पाय आखडून बसलेल्या मुलीनं ते कसे मिळवायचे? आमच्याकडे मुलीला नोकरी लागली नाही की पुढं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन स्थळं चालून आली होती, आणि "भरती होऊ द्या, मग बघू" या एका वाक्यावर ती थांबली होती.

मग आम्ही रस्ता शोधायला निघालो. आम्ही म्हणजे मी, पुतणी आणि जाऊबाई. तीन बाया भर दुपारी गावाच्या चारी दिशांना हिंडताहेत म्हटल्यावर लोक विचारणारच. जाऊबाई प्रत्येकाला सांगायच्या, "आमच्या धाकटीला डॉक्टरनं चालाया सांगितलंय." मी आपली मान डोलवायची.

पहिल्यांदा नदीकडं गेलो. गावाला जिच्यामुळे नाव मिळालं त्या रासाईदेवीला हात जोडले आणि पाणंदीनं खाली उतरलो. काय सांगू तुम्हाला! थंडीतल्या सकाळी या वाटेवर भीमेवरून धुकं असं उठतं, की पलीकडचा दौंड तालुका नाहीसाच होतो. मग हळूहळू झाडांचे शेंडे दिसायला लागतात, आणि वारा तिकडून असला तर पलीकडच्या गुऱ्हाळांचा उकळत्या रसाचा वास येतो. पाण्याच्या कडेला बगळे, खंड्या. टिटवी तर माणूस दिसलं की गावभर दवंडी पिटणार. मऊ मातीची वाट, पायाला मुळीच हिसका नाही. हाऊथच्या कड्याला हरवेल अशी जागा, असं मी ऐटीत म्हणणार होते. पण खरं तेच लिहायचं तर भीमेला त्या थंडीत वासही येत होता. आमच्या वरच्या अंगाला, रांजणगाव सांडसला, पुण्याहून येणारी मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुण्याचं सगळं सांडपाणी घेऊन येते. पाणी ओसरलं की जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, किती सुंदर! मी जन्मानं पुण्याची. जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी नदीकडं पाहिलं.

तर ही वाट सगळ्यात देखणी, आणि हीच सगळ्यात वाईट. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, मध्ये वेडी बाभूळ, हाक मारली तर ऐकू जाईल अशी वस्ती नाही. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल, की दहा पावलांत एकेक बूट शेराशेराचा होतो. ही वाट सोडली.

दुसरा, मांडवगणकडे जाणारा डांबरी रस्ता. मोकळा, सपाट, पण ऊसतोडणीचा हंगाम सुरू. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, पुढं गाणी मोठ्यांदा लावलेली. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना हातहात लांब ऊस बाहेर आलेला. पहाटेच्या अंधारात बिबट्याइतकीच भीती याची बाळगायला हवी, असं माझं मत आहे. फक्त ट्रॅक्टरची बातमी कोणी पहिल्या पानावर छापत नाही.

तिसरं म्हणजे शाळेचं मैदान. ते सुरक्षित, पण तिथं गोल फिरून डोकं गरगरतं, आणि शाळा भरायच्या वेळेला रिकामं करावं लागतं. शिवाय कट्ट्यावर बसलेली टवाळ पोरं. ती तर प्रत्येक गावाला असतातच.

दोन दिवस हिंडून आमच्या असं लक्षात आलं, की आमच्या गावाला पळायचा कायमचा असा रस्ताच नाही. तो उसाबरोबर सरकतो. आज जो तुकडा उघडा आहे तो सहा महिन्यांनी बंद, आणि आज जिथं जायचं नाही तिथला ऊस तुटला की मोकळं रान. मग जाऊबाईंनी जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान काढलं, पाठकोऱ्या बाजूवर गावचं शिवार काढलं आणि कोणाचा ऊस कुठला, आडसाली का सुरू का खोडवा, तोड कधी येणार, सगळं तोंडपाठ सांगितलं. पुतणीनं उभ्या उसावर लाल पेन्सिल फिरवली, आणि कांदा, गहू, हरभरा अशा ठेंगण्या पिकांवर हिरवी. गव्हाच्या रानात बिबट्याला उसाएवढा आडोसा मिळत नाही. नकाशावर गावापासून एका वस्तीपर्यंत दोन्हीकडं हिरवं असा एक पट्टा निघाला. डांबरी रस्त्यालाच लागून, पण ट्रॅक्टर ज्या बाजूनं वळतात त्याच्या उलट अंगाला. मध्ये तीन घरं, तिन्ही घरांत माणसं जागी.

तो पट्टा मोजला सायकलनं. फोनवर अंतर मोजता येतं हे मला माहीत आहे, पण एवढं थोडं अंतर फोन कधी बरोबर दाखवतो, कधी नाही. सोपी रीत सांगते. सायकलच्या चाकाला एका जागी रंगीत चिंधी बांधा. चाक एक पूर्ण फेरी फिरवून जमिनीवर खूण करा आणि टेपानं मोजा. आमच्या सायकलचं चाक एका फेरीत दोन मीटर सात सेंटिमीटर गेलं. म्हणजे आठशे मीटरला तीनशे सत्त्याऐंशी फेऱ्या. मी चिंधी मोजत गेले, जाऊबाई सायकल ढकलत गेल्या. दोनदा चुकलो, कारण वाटेत कोणी ना कोणी "कुठं निघालात?" म्हणून विचारायचं. पट्टा भरला सातशे मीटर. राहिलेल्या शंभरासाठी मागं वळायचं ठरलं.

रस्ता मिळाला. आता वेळ!

बिबट्या फिरतो तो मुख्यतः तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत. वन खात्याचं सांगणं सरळ आहे, अंधारात एकट्यानं बाहेर पडू नका. म्हणजे पळायचं ते उजाडल्यावर. थंडीत सूर्य उगवतो सातला, तेव्हा साडेसात धरा. आणि इथंच खरी अडचण आली. मैत्रिणींनो, पहाटे पाचला पळून आलेली मुलगी साडेसहाला धारा काढायला हजर असते. साडेसातला पळायला गेलेल्या मुलीचं काम कोणी करायचं? डेअरीचं दूध थांबत नाही, भावाचा डबा थांबत नाही, तिची स्वतःची कॉलेजची गाडीही थांबत नाही. पहाटेची वेळ मुली निवडतात ती काही हवा छान असते म्हणून नव्हे. त्या वेळी त्यांची घरात कोणाला गरज नसते म्हणून.

त्या रात्री घरात बोलणं झालं, ते सगळं इथं लिहीत नाही. एवढंच सांगते की जाऊबाई शेवटी म्हणाल्या, "पोराला हात न्हाईत का?" धाकटा भाऊ वीस वर्षांचा, अंगापिंडानं चांगला. त्याला धारा काढता येत नव्हत्या, म्हणजे कधी काढायला लावल्याच नव्हत्या. पहिल्या दिवशी म्हशीनं त्याला लाथ मारली. चौथ्या दिवशी तो दूध घेऊन डेअरीत गेला. एक तास मोकळा झाला. आमच्या रस्त्याचं मोल विचाराल तर ते हे.

गावातल्या आणखी तीन मुली भरतीचीच तयारी करत होत्या, त्याही घरात बसून होत्या. चौघी झाल्या. पहिले आठ दिवस दादा मोटारसायकल घेऊन मागून गेले. नवव्या दिवशी त्यांना कंटाळा आला. मग जाऊबाई निघाल्या, पायी, हातात सासऱ्यांची घुंगुरकाठी घेऊन. मुली पळतात, या चालतात. काठी आपटली की छुमछुम होतं. बिबट्याला माणसाची चाहूल आधी लागलेली बरी असते, तो बहुधा स्वतःच बाजूला होतो.

या निमित्तानं चार गोष्टी लक्षात ठेवा, उसाच्या मुलखात राहत असाल तर. कानात गाणी घालून पळू नका. बुटाची नाडी बांधायला उसाच्या कडेला वाकू नका, वाकलेलं किंवा बसलेलं माणूस बिबट्याला जनावराएवढं दिसतं. नाडी आधीच दुहेरी गाठीनं बांधा. नैसर्गिक विधीसाठीही उसात शिरू नका. तोड चालू असलेल्या फडाच्या शेजारून आठ-दहा दिवस जाऊ नका. घर उठलेलं जनावर तेव्हा बावचळून फिरत असतं, आणि पिल्लं असलेली मादी तर फारच. समोर आलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही. पळायला शिकणाऱ्या मुलीला हे सांगताना मलाच हसू आलं, पण तेच खरं आहे. एकत्र उभं राहायचं, हात वर करायचे, मोठ्यानं ओरडायचं आणि त्याच्याकडं तोंड ठेवून सावकाश मागं सरायचं. वन खात्याचा मदतीचा फोन १९२६ आहे, तो घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

आणि एक गोष्ट राहूनच चालली होती. आम्ही रस्ते शोधत असताना रोज पहाटे तीन-चारला ऊसतोडीच्या टोळीतल्या बाया कोयता घेऊन त्याच उसात शिरत होत्या. कोणाच्या कडेवर पोर, कोणाचं पोर फडाच्या कडेला पाचटावर निजवलेलं. त्यांना कोणी म्हणत नव्हतं, "उजाडल्याशिवाय जाऊ नका." माझ्या पुतणीसाठी सगळं घर हललं. त्या बायांसाठी कोणी हलायचं, हा प्रश्न मी घेऊन आले आणि अजून माझ्यापाशीच आहे.

हे सगळं मी एका रविवारी भाचीला फोनवर सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बाई गं, कुठं राहता तुम्ही! ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मावशी, मी तुला कड्याचे फोटो पाठवते ना, ते सगळे शनिवार-रविवारचे. एरवी मी तिथं जात नाही." तिकडं डिसेंबरात सकाळी साडेआठला उजाडतं आणि दुपारी चारला दिवस मावळतो. म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईला पळायला उरतो तो अंधारच. आणि उजेडाचंही काही खरं नाही. २०२२ च्या जानेवारीत टलामोर नावाच्या गावी एक तेवीस वर्षांची शिक्षिका शाळा सुटल्यावर कालव्याच्या काठानं पळायला गेली. दुपारी चारचा सुमार, नेहमीचा रहदारीचा रस्ता. तिथं एका माणसानं तिचा जीव घेतला. सगळ्या देशात गावोगावी बायका मेणबत्त्या घेऊन जमल्या. त्या माणसाला पुढं जन्मठेप झाली. "तेव्हापासून आम्ही पाचजणी मिळून जातो," भाची म्हणाली. "तुमचा तो बिबट्या निदान उसातच असतो."

मी हे जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे तिकडं बी घुंगुरकाठी लागतीच की."

त्याच डब्लिनमध्ये १९८३ सालापासून दरवर्षी केवळ बायकांची अशी दहा किलोमीटरची शर्यत होते. हजारो बायका येतात, पळतात, चालतात, गप्पा मारत जातात. योगायोग असा की आपली पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनही १९८३ चीच. ऑलिंपिकमध्ये मात्र बायकांना मॅरेथॉन पळू दिली ती १९८४ साली. त्याआधी एवढं अंतर बाईच्या प्रकृतीला झेपायचं नाही, असं मोठमोठी माणसं सांगत असत. पाण्याच्या दोन-दोन घागरी घेऊन मैलभर चालणाऱ्या बाया त्यांनी पाहिल्या नसाव्यात.

आपल्याकडची उदाहरणं मुलींना सांगत जा. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. तो माणदेश दुष्काळी, रस्त्यावर सावलीसुद्धा नाही. नाशिककडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझपदक घेऊन आली. आणि आमच्या शेजारच्या बारामतीत लताबाई करे साठी उलटल्यावर नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या, तीन किलोमीटर. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर २०२० साली सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. आमच्या मुलींना हाच सिनेमा सगळ्यात आवडला, कारण त्यातली बाई आपल्यातली वाटते.

आता तुमच्यापैकी ज्यांना भरतीबिरती काही नाही, तब्येतीसाठी पळायचंय किंवा झपझप चालायचंय, त्यांच्यासाठी थोडं. सहलीला गेलात तर पळायची खरी मजा कोकणात. गुहागर, दिवेआगर, हर्णे-मुरूड, कुठलाही लांब किनारा धरा. मात्र ओहोटी पाहून निघा. ओली वाळू घट्ट असते, कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. ओहोटीची वेळ रोज पाऊणएक तासानं पुढं सरकते, ती गावात कोळणीला विचारा. किनारा समुद्राकडं उतरता असतो, त्यामुळे एक पाय सारखा खाली पडतो. जेवढं गेलात तेवढंच त्याच वाटेनं परत या, म्हणजे दोन्ही पायांचा हिशेब सारखा होतो. साताऱ्याला यवतेश्वराच्या घाटात २०१२ पासून अर्धी मॅरेथॉन होते. चढ दमवतो, पण खाली दिसणारं शहर पाहून दम विसरतो. आणि आमच्याच भीमेचं पाणी पुढं उजनीत अडतं तिथं, भिगवणच्या बाजूला, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तिथल्या गावरस्त्यांवर सकाळी चालून पाहा.

घरचं खाणंपिणं म्हणाल तर फार थाट नको. निघायच्या अर्धा तास आधी एक केळं किंवा शेंगदाणा-गुळाचा छोटा लाडू, वर पेलाभर पाणी. आल्यावर लिंबू, मीठ, साखरेचं पाणी, आणि तासाभरात नीट जेवण, उसळ किंवा अंडं असलेलं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पळायला लागल्यापासून पोरगी धापा टाकते, चेहरा फिका दिसतो, असं वाटलं तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर मुलीला आळशी म्हणू नका. आमच्या चौघींतली एक अशीच निघाली. सगळे तिला "दमते लगेच" म्हणून चिडवत होते. गोळ्या सुरू झाल्या तशी महिना-दोन महिन्यांत ती बाकीच्यांच्या बरोबरीनं आली.

कपड्यांचं स्पष्टच लिहिते, बायकांच्या पानावर संकोच कसला? ओढणी घरी ठेवा, ती सायकलीत नि काट्यात दोन्हीकडं अडकते. सैल ट्रॅकपँट आणि कमरेखाली येणारा सदरा असला की म्हाताऱ्या माणसांचीही कुरकूर थांबते. मुलीला नवे बूट घ्यायला दोनदा विचार करा हवं तर, पण घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आधी घ्या. छाती दुखते म्हणून पळणं सोडलेल्या मुली मला माहीत आहेत, त्यांनी आईला कारण सांगितलं नव्हतं. पाळीच्या दिवसांत त्रास होत नसेल तर पळायला काही हरकत नाही. होत असेल तर त्या दिवशी चालावं. बूट महागाचे नसले तरी चालतील, पण टाच झिजलेले नकोत. रस्त्यावर उजव्या हातानं पळावं, म्हणजे समोरून येणारं वाहन डोळ्यांना दिसतं. माघ-फाल्गुनात पाचट पेटवतात तेव्हा त्या धुरात पळू नये. एक दिवस बुडाला तर बुडाला.

तुमच्या गावी मुली कुठल्या रस्त्यानं पळतात, किती वाजता पळतात, आणि त्या वेळी घरातलं काम कोण करतं, हे मला पत्रानं जरूर कळवा. शेवटचा प्रश्न गाळू नका.

मी पुण्याला परतले तरी कॅलेंडरचं ते पान आमच्या वडगावच्या घरात दाराआड लावलेलं आहे. ऊस तुटेल तसं जाऊबाई लाल रंगावर हिरवी पेन्सिल फिरवतात. जानेवारीत एका सकाळी त्यांचा फोन आला. श्वास लागलेला. मी घाबरले.

"अगं, काही न्हाई, पळून आले आत्ता," त्या म्हणाल्या. "थोडंच. त्या विहिरीपासनं घरापातुर. नदीकडला फड तुटला, आठ-दहा दिस झाले. आज पोरींना तिकडं नेलं. धुकं होतं बघ."

मी विचारलं, "आणि घुंगुरकाठी?"

"ती हातातच होती की. पळताना लई वाजती गं!"